अर्ध्यावरची उडी

"हात लावू नकोस," आप्पा म्हणाले. "बॉम्ब असायचा."

भाऊबीजेची सकाळ होती. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर, आईच्या रांगोळीला खेटून, एक पुडकं ठेवलेलं. खाकी कागद, वर सुतळीची गाठ आणि मोठ्या अक्षरांत माझं नाव, शुभांगी. पाठवणाऱ्याचं नाव नाही, तिकीट नाही, काही नाही.

"आप्पा, बार्शीत आपल्याला बॉम्ब कोण ठेवेल? एवढे मोठे आहोत का आपण?"

"टीव्हीवर रोज सांगतात. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही."

"त्यावर माझं नाव आहे. बेवारस कसं?"

पण आप्पा ऐकतात थोडेच. आमचा धंदा मंडपाचा, घरात बांबूंना तोटा नाही. त्यांनी बाजूच्या पडवीतून एक लांबलचक बांबू आणला आणि दाराआड उभं राहून त्या पुडक्याला ढोसायला लागले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, लेंगा वर खोचून, अंग चोरून उभा. मला हसू आवरेना.

"अहो, रांगोळी पुसतेय," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली आणि परत आत गेली. पुडकं कसलं, कुणाचं, एका शब्दानं विचारलं नाही. एरवी पोस्टमननं नुसती बेल वाजवली तरी तिचे प्रश्न संपत नाहीत. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ही गोष्ट सहा-सात वर्षांपूर्वीची. तसं भाऊबीजेच्या दिवशी मी हसण्यातली नव्हे. त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं असतं, आणि त्याला कारण आहे.

मला सख्खा भाऊ नाही. होता तो चुलत, दिगू, माझ्याहून थोडा मोठा. एका घरात, एका ताटात वाढलो. कळायला लागल्यापासून भाऊबीजेला मी ओवाळलं ते त्यालाच. मग मी सातवीत जायच्या सुट्टीत घराची वाटणी झाली, काका बिऱ्हाड घेऊन कुर्डुवाडीला गेले, आणि त्या दिवाळीला दिगू आला नाही. पुढच्याही नाही. ज्या बाईला भाऊ नसतो तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. आईनं तबक माझ्या हातात दिलं आणि मला गच्चीवर धाडलं. तेव्हापासून दर वर्षी मी आपली गच्चीवर. लग्न होऊन पुण्याला गेले तरी भाऊबीजेला माहेरी यायचं ते यायचंच, आणि येऊन करायचं काय, तर मान वर करून नखाएवढ्या कोरेला ओवाळायचं. चंद्र काही पाटावर बसत नाही, करंजी खात नाही, केस ओढत नाही. शेजारच्या गच्च्यांवरून बायका बघायच्या. चाळिशीला आले तरी ते बघणं मला टोचायचं. काका त्या भाऊबीजेच्या दोन वर्षं आधी वारले. आम्हाला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. आप्पांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि दिवसभर अन्नाला शिवले नाहीत, पण कुर्डुवाडीला काही गेले नाहीत. मोठ्यांचं भांडण मोठ्यांपाशी. दिगूला काय झालं होतं? कुर्डुवाडी काय सातासमुद्रापार आहे? हा राग मी जपून जपून ठेवला होता.

तर, बांबूनं ढोसूनही पुडकं फुटलं नाही, तेव्हा मी ते उचललं. कागदात खोका, आणि खोक्यात साबणाच्या वडीहून थोडं मोठं, करड्या रंगाचं एक यंत्र. वरच्या अर्ध्यात काच. खाली डावीकडे बेरजेच्या खुणेसारखं एक बटण, उजवीकडे चार गोल.

"मोबाइल दिसतोय," आप्पा बांबू न सोडता म्हणाले.

"मोबाइलला अशी बटणं असतात का?"

"मग कॅल्क्युलेटर."

मी ते दोन्ही हातांत धरलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. माझे अंगठे न सांगता आपापल्या जागी जाऊन बसले होते. डावा खुणेवर, उजवा गोल बटणावर. किती वर्षांत मी असं काही हातात धरलं नव्हतं, आणि अंगठ्यांना सगळं ठाऊक. कडेला एक बारीक बटण होतं, ते दाबलं.

गाणं नाही, नाव नाही, सुरुवात नाही. काच उजळली ती एकदम मधल्याच चित्रावर. काळं आभाळ, बुरुजाचा दगडी माथा. डावीकडे दगडाच्या टोकावर एक निळा माणूस, करंगळीच्या पेराएवढा. पुढे मोठी फट. आणि त्या फटीवर, पाय फाकून, अधांतरी लटकलेला एक लाल माणूस. खाली इंग्रजीत 'पॉज'.

मी मटकन खाली बसले, ती रांगोळीवरच.

"काय झालं? शॉक बसला का?" आप्पा म्हणाले.

शॉकच बसला होता, पण विजेचा नव्हे. तो अधांतरी लाल माणूस म्हणजे मी होते.

हे नीट सांगायला हवं. आम्ही सहावीत असताना काकांनी दिगूला व्हिडिओ गेम आणला होता, टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची. त्यातल्या एका गेमनं आम्हा दोघांना वेड लावलं. नाव कुणाला वाचता येईना, आम्ही म्हणायचो बुरुजाचा गेम. दोन माणसं बुरुज चढतात, निळा आणि लाल. प्रत्येक मजल्याच्या शेवटी एक दार. ते दार दोघंही समोर येऊन उभे राहिले तरच उघडतं. एक जरी दरीत पडला तरी दोघंही खालच्या मजल्यावर. पहिला रिमोट दिगूचा, दुसरा माझा, म्हणजे निळा तो आणि लाल मी. आणि त्या काळात गेम जपून ठेवायची सोय नव्हती. पिन काढली की सगळं पहिल्यापासून.

त्या मे महिन्यात आम्ही शेवटच्या मजल्यावर पोचलो. गल्लीत कुणी पोचलं नव्हतं. दिगू फटीशी थांबला, मी उडी घेतली, आणि मी वर असतानाच आईनं जेवायला हाक मारली. दिगूनं पॉज दाबला. "जेवून येऊ. तोवर थांब तिथंच," म्हणाला.

जेवून आलो तर बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली. दोन्हीकडचे मामा, गावातले दोघे-तिघे, मधे आप्पा आणि काका, एकमेकांकडे पाठ करून. वाटणी चालली होती. मंडपाचे बांबू आप्पांना, कापड काकांना, असा न्याय झाला. म्हणजे दोघांच्याही हातात अर्धा अर्धा मंडप. त्याच न्यायानं शेवटी टीव्ही थोरल्याला आणि गेम धाकट्याला. पडद्यावर माझा लाल माणूस लटकलेलाच होता. काकांनी येऊन पिन उपटली. चित्र आकसून पांढरा ठिपका झालं आणि तोही विझला. दिगूनं गेम काखेत मारला आणि वायरी फरफटवत बाहेर गेला. वळून एकदा बघितलंही नाही.

आणि आता पंचवीस-सव्वीस वर्षांनी तोच लाल माणूस, त्याच फटीवर, तसाच अधांतरी, माझ्या हातात. टीव्ही आणि गेम एकातच, वाटून देता न येण्यासारखा.

मी पॉजवरून खेळ सोडला. अंगठा दाबला तेव्हा मला वाटलं निळा हलेल, कारण पहिला तो. पण हलला लाल. बटणं मुद्दाम दुसऱ्या रिमोटची लावली होती, माझ्यासाठी. लाल माणूस फट ओलांडून पलीकडे टेकला. मग दोन उड्या, एक शिडी, आणि समोर शेवटचं दार. मी दारापुढे जाऊन उभी राहिले. दार उघडलं नाही. निळा मागे दगडावर तसाच उभा होता. त्याला हलवायला कुणी नव्हतं.

"दिगूचं आहे हे," मी म्हणाले.

आप्पांनी बांबू भिंतीला टेकवला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आता आठवण झाली त्याला. एवढी वर्षं भाऊबीजेला एक दिवस फिरकला नाही. मी इकडे वेड्यासारखी चंद्राला ओवाळतेय, अख्ख्या गल्लीपुढे, आणि हा आता खेळणं पाठवतोय. स्वतः यायला पाय मोडले होते का?"

"येत होता," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला करंजीचं पीठ.

"तू गप्प बस," आप्पा म्हणाले.

"गप्पच बसले की. अजून किती बसू?" आई माझ्याकडे वळली. "पहिल्या भाऊबीजेपासून येत होता. एवढंसं पोरगं, एकटं, एस्टीनं. ह्यांनी दारातून परत पाठवलं."

मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील, ओरडतील. ते खुर्चीवर बसले आणि गुडघे चोळायला लागले.

"परत नाही पाठवलं," ते म्हणाले. "अट घातली. बापाला घेऊन ये, मग पाटावर बस. काय चूक होतं त्यात? मला वाटलं, पोराच्या हट्टापायी तरी येईल तो. पोरगं घरी जाऊन सांगत असणारच. तो यायचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पोरगंच दारात."

"आणि मी कुठं होते?"

"गच्चीवर," आई म्हणाली. "मीच धाडायची तुला. दारातलं बोलणं तुझ्या कानावर पडू नये म्हणून."

मी वर तबक घेऊन उभी, आणि तो खाली दारात. एका जिन्याचं अंतर.

"मग तो तसाच जायचा?"

आई आप्पांकडे बघत राहिली. आप्पा कुणाकडेच बघत नव्हते.

"लगेच नाही जायचा," ते म्हणाले. "मागच्या बोळात जाऊन उभा राहायचा. तू मावळतीला तोंड करून ओवाळायचीस ना, बोळ त्याच बाजूला. खिशातला रुमाल काढायचा आणि डोक्यावर टाकायचा. तुझं तबक फिरून होईपर्यंत हलायचा नाही. मग रुमालाची घडी करायचा, खिशात घालायचा आणि स्टँडकडे जायचा."

ओवाळून घेताना पुरुषानं डोकं उघडं ठेवायचं नसतं. टोपी नसली तर रुमाल. दिगूकडे टोपी कधीच नसायची, लहानपणीही मीच त्याच्या डोक्यावर रुमाल टाकायची.

"तुम्ही बघितलंत हे?"

"मागच्या खिडकीतून."

"एकदा?"

"दर वर्षी," आप्पा म्हणाले.

मला रडू आलं नाही. तोंडात मारल्यासारखी मी बसून राहिले, अर्ध्या पुसलेल्या रांगोळीवर, हातात ते यंत्र. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी चंद्राला ओवाळतेय. इतकी वर्षं मी ज्याला शिव्या घातल्या तो खाली उभा राहून माझं औक्षण घेऊन जात होता, आणि ह्या घरात ते दोन माणसांना माहीत होतं. आप्पांचा मला इतका राग आला, इतका राग आला, की त्यांच्या चोळत्या हातांकडे बघवेना. आणि आईचाही.

"कधीपर्यंत येत होता?" मी विचारलं.

"तुझं लग्न झाल्यावरही दोन-चार वर्षं आला," आई म्हणाली. "मग थांबला. आज सकाळी दार उघडलं तर उभा. मी म्हटलं, आत ये. तर म्हणतो, 'मोठी आई, आप्पांची अट आता कशी पुरी करू? बाबाच राहिले नाहीत.' पुडकं ठेवलं आणि गेला."

"संध्याकाळी येईल का?"

"मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही."

दुपारी आप्पा जेवले नाहीत. मी एकदोनदा ते यंत्र उघडून बघितलं. लाल दारापुढे, निळा दगडावर. बंद केलं, पुन्हा लावलं, तरी तसंच. मनात येत होतं, सकाळी आईला न जुमानता गेला तो गेला, आता कशाला येईल. एवढ्या वेळा दारातून परत गेलेला माणूस पुन्हा का येईल?

दिवस मावळला तशी आईनं तबक आणून दिलं. निरांजन, सुपारी, अक्षता. मी गच्चीवर गेले. मावळतीला कोर दिसत होती, पण मी वर बघितलंच नाही. कठड्याला पोट टेकवून खाली बोळात बघत राहिले. बोळात एक स्कूटर, एक झोपलेलं कुत्रं. पलीकडच्या गच्चीवरच्या वहिनी म्हणाल्या, "शुभाताई, चंद्र वर आहे हो." मी हूं म्हणाले. वात फडफडत होती, मी हात आडवा धरला. कोर पार खाली उतरली, घरांच्या कौलांना टेकायला आली. बोळ रिकामाच.

मग कोपऱ्यावरून एक माणूस आला. पोट सुटलेला, टक्कल पडलेला, पाय जरासा ओढत चालणारा. मी ओळखलं नाही. तो भिंतीपाशी थांबला, खिशात हात घातला, रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि मग वर बघितलं. त्याला सवय होती ती चंद्राकडे बघणाऱ्या मुलीची. मी सरळ त्याच्याकडे बघत होते. तो जागच्या जागी थिजला. मीही.

खाली कडी वाजली. मागचं दार, जे वर्षानुवर्षं कुणी उघडलं नव्हतं, ते कुरकुरत उघडलं आणि आप्पा बाहेर आले. काखेत पाट. दिगूनं घाईघाईनं रुमालाला हात घातला.

"राहू दे डोक्यावर," आप्पा म्हणाले. "आत ये."

"आप्पा, बाबांना मी आणू शकलो नाही..."

"तो आता कुठून यायचा," आप्पा म्हणाले. "मीच जायला हवं होतं. तू ये."

जिना मी कसा उतरले ते विचारू नका. तबकातली सुपारी मधेच कुठेतरी घरंगळून गेली. दिगू पाटावर बसला होता, रुमाल तसाच, डोळे खाली. मी कुंकू लावलं तर टिळा पार भुवईपर्यंत गेला. तबक फिरवताना तो हळूच म्हणाला,

"उडी जमली का?"

"जमली. दाराशी उभी आहे सकाळपासून. तूच दगडावर बसलायस."

ओवाळून झाल्यावर मी यंत्र आणलं. त्यानं खिशातून एक छोटा रिमोट काढला आणि वायर त्या यंत्राला खोचली. आप्पा वाकून बघायला लागले. दिगू त्यांना समजावून सांगू लागला, की जुने गेम ह्याच्या पोटात भरता येतात आणि जिथं थांबवू तिथं तसेच्या तसे राहतात, पिन काढली तरी.

"मग सगळे मजले तू पुन्हा चढलास?" मी विचारलं.

"दोघांचेही. आधी निळ्याला दाराशी न्यायचा, मग लालला. बायको म्हणाली, वेड लागलंय."

"आणि शेवटचं दार?"

"ते मी उघडलं नाही."

त्याचा निळा माणूस दगडावरून उडाला, फट ओलांडली, शिडी चढला आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. दार उघडलं. आम्ही दोघं आत शिरलो. काच काळी झाली, आणि मग दिसला पहिला मजला. पहिली पायरी, निळा आणि लाल, सगळं पहिल्यापासून.

"एवढंच?" आप्पा म्हणाले. "आत काहीच नाही?"

"काहीच नाही," दिगू म्हणाला. तोही बघतच राहिला होता.

आम्ही पहिल्या मजल्यावर चालायला लागलो होतो तेवढ्यात आईनं आतून हाक मारली, पानं वाढलीयेत. दिगूचा अंगठा पॉजकडे गेला. मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"अजिबात नाही," मी म्हणाले.

आप्पांनी आमच्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, ताटं इकडेच आण. पोरं उठणार नाहीत."